इथे हशा, थांबा

सोमवार, ३ फेब्रुवारी. सकाळी सहा.
आजपासून मी लेखक. ऑफिसातून महिनाभर बिनपगारी रजा घेतली. निर्मात्याला विनोदी पटकथा हवी आहे. २३ तारखेला वाचन. पसंत पडली तर राजीनामा. नाही पडली तर पुन्हा विम्याचे क्लेम नाकारत बसायचं आणि लिखाणाचं नावही काढायचं नाही, ही बायकोची अट. खुशाल मान्य केली.

सव्वासहा.
उद्यापासून. आज पेन्सिलींना टोक करून झालं.

मंगळवार, ४.
कथा सुचली! नायक दंतवैद्य. रक्त पाहिलं की त्याला झोप लागते. एकटाच हसत सुटलो. बायकोला सांगितली. तिने विचारलं, मग पेशंटचं काय होतं? विनोदात लॉजिक शोधणाऱ्या माणसापुढे काय बोलणार! लग्न झाल्यापासून माझ्या एकाही विनोदावर ही हसलेली नाही. तिच्या भावाने नुसतं "चहा आहे का" म्हटलं तरी हसते. मनाला लागतं. पण या वेळी तिला हसवणारच.

शनिवार, ८.
पानं चार. दोष खुर्चीचा. नवी आणली. तिच्यात झोप फार छान लागते.

गुरुवार, १३.
अभ्यासासाठी थिएटरात जाऊन विनोदी सिनेमा पाहिला. मोठा शोध लागला. लोक हसतात तेव्हा पुढचं वाक्य वाया जातं! म्हणून आता प्रत्येक विनोदानंतर कंसात लिहितो: इथे हशा, थांबा. विनोद जबरदस्त असेल तर: प्रचंड हशा, बराच वेळ थांबा. याने पानंही भराभर भरतात, पण तो मुद्दा गौण.

गुरुवार, २०.
पटकथा पूर्ण! बायकोने चाळली आणि विचारलं, यात गोष्ट किती आणि थांबणं किती? घरच्यांना किंमत नसते. नायकाचे संवाद मेहुणा वाचणार आहे. फुकट आहे आणि आज्ञाधारक आहे.

रविवार, २३. संध्याकाळी.
वाचन झालं. निर्माता, दिग्दर्शक, मी, मेहुणा, मागे बायको. मेहुण्याने पहिला विनोद वाचला आणि लिहिल्याप्रमाणे थांबला. कोणी हसेना. पंख्याची कुरकुर तेवढी ऐकू येत होती. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी हातानेच खूण केली, थांब. दुसऱ्या विनोदाला तेच. तिसऱ्याला निर्मात्याने घसा खाकरला, तेव्हा मेहुण्याने मोठ्या आशेने त्याच्याकडे पाहिलं. मग कागदावर आला "प्रचंड हशा". मेहुण्याने कागद खाली ठेवला, हाताची घडी घातली आणि बराच वेळ थांबला.

मागून बायको फिस्सकन हसली. मग दिग्दर्शक. मग निर्मात्याने टेबलावर डोकंच टेकलं. त्यानंतर विनोदाला सगळे गप्प आणि थांबलो की हसून बेजार. टायमिंग म्हणतात ते हेच. बायकोच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. किती छान हसते ती. जिंकलो.

सोमवार, २४.
निर्मात्याचा फोन. पटकथा नको म्हणाला. पण कालच्या वाचनावर सिनेमा करायचाय: एक लेखक आणि न हसणारी माणसं. लिहिणार दुसरं कोणी. लेखकाच्या भूमिकेसाठी मात्र माझी टेस्ट! काल बसला होतात तसं नुसतं बसायचं, म्हणाला. संवाद नाहीत. म्हणजे भूमिका खोल आहे. राजीनामा टाइप केला.

बुधवार, २६.
आरशासमोर बसण्याचा सराव. काही बसण्या अप्रतिम जमल्या.

शनिवार, १ मार्च.
टेस्ट झाली. बसलो. स्वतःची थोडी भर घातली: भुवया उडवल्या, एकदा खुर्चीवरून पडलो. दिग्दर्शक म्हणाला, हा माणूस असा वागेल हे पटत नाही. मी म्हटलं, अहो, तो माणूस मीच आहे. तो म्हणाला, तरीही. मला सोडायला आलेल्या मेहुण्याला लाइट बघायला म्हणून जरा बसवलं. त्याने माझ्यासारखी हाताने नुसती "थांब" अशी खूण केली. हसता हसता लाइटवाल्याच्या हातातून वायर गळाली. भूमिका त्याला दिली.

सोमवार, ३ मार्च.
ऑफिस. राजीनामा फाडला. सकाळपासून नऊ क्लेम नाकारले.

संध्याकाळी मेहुणा अभ्यासाला आला. अभ्यास म्हणजे मी. मी चहा कसा पितो, बूट कसे काढतो, सगळं तो समोर बसून करून पाहतो. बायको एकदा त्याच्याकडे पाहते, एकदा माझ्याकडे, आणि हसून हसून भिंतीला टेकते. मला फार वाईट वाटलं. तेवढ्यात तो म्हणाला, दाजी, वाईट वाटलं की तुम्ही कसे दिसता ते एकदा दाखवा ना. मी काहीच केलं नाही. तो म्हणाला, हां, बरोब्बर, असेच राहा.