नेहरंगाचा अंतरा

गुलबर्गा, २० ऑगस्ट १९३७, शुक्रवार

आज पुन्हा नाही! जुम्म्याची सुट्टी, मी शिकवते ती शाळा बंद, सगळी दुपार मोकळी — म्हटलं आज तरी देतील. पिराप्पा मास्तर आले, पान लावलं, तंबोरा जुळवला आणि तीच अस्ताई पुन्हा घोटवली. "सूखी बावरी, कासे भरूँ गगरी." अंतरा मागितला की म्हणतात, "टैम आल्यावर." कधी येणार टैम? माझे दात पडल्यावर?

अस्ताई म्हणजे अर्धं गाणं. पुढं अंतऱ्यात सूर वर चढतो आणि तिथं चीज बांधणाऱ्याचं नाव येतं. ते आलं की गाणारा, ऐकणारा, सगळे कानाच्या पाळीला हात लावतात. माझं गाणं त्या नावाच्या अलीकडंच संपतं. नेहरंग नावाच्या जुन्या रचनाकाराच्या तीन चिजा दिल्या मास्तरांनी, तिन्ही बिनअंतऱ्याच्या! मेहरपिया नावाच्या दुसऱ्याच्या मात्र पुऱ्या, न मागता. मला ही रीत ठाऊक आहे — अस्ताई शिष्याला, अंतरा घरच्या पोराला. मास्तरांना मूलबाळ नाही, पण पुतण्या आहे, तुळजाराम. त्याला दिला असणार.

चिकट मेला म्हातारा!

२२ ऑगस्ट

राग निवळत नाही म्हणून लिहिते. मेहरपिया मलाही आवडतो. चाल ठुमकत येते, बोल जिभेवर आपोआप बसतात. पण त्याच्याकडे यमुना सदा भरलेली आणि कान्हा सदा झाडाआड उभा. घागर फुटते ती लाडात. नेहरंगाची बाई पाण्याला जाते तर बावरी म्हणजे विहीरच कोरडी! ना कान्हा, ना कुणी. रिकामी घागर घेऊन परत यायचं आणि घरी काय सांगायचं? बस, एवढंच गाणं. आणि सम कुठं, तर 'सूखी'वर. तीही दणकन नाही — पोहरा रिकामा वर यावा तशी, हलकी.

हा दिल्लीकडचा जुना माणूस म्हणे. त्याला आमचा चैत्र-वैशाख कुणी सांगितला? कधी वाटतं बाईच असावी. पाण्याची चिंता पुरुषाला इतकी कधीपासून?

माझा आवाज जाड. शाळेतल्या पोरी म्हणतात, कमळाबाई खेकसतात. मेहरपियात हा आवाज ओशाळतो. नेहरंगात मावतो. म्हणून तो माझा.

२३ ऑगस्ट

वहिनी म्हणते, "वन्सं, रोज अर्धंच कामून गायलाव? पुढचं इसरलाव का?" विसरले म्हणे! तिला काय बोलायचं?

२७ ऑगस्ट, शुक्रवार

भगवानदादानं आडतीवरून बातमी आणली. गणपतीत जलसा ठरलाय, दहा तारखेला, तिसऱ्या प्रहरी. मिरजेचे एक मोठे बुवा यायचेत. दादानं त्यांच्या कानावर माझं नाव घातलंय. आणि मला अट!

"एकडाव गा त्यांच्यापुढं. पसंत पडलीस तर मिरजेला मामाकडं ऱ्हाऊन शीक. न्हाई पडलीस तर तंबोरा माळ्यावर, अन् मी म्हणीन तिथं लगीन."

हसत म्हणाला. पण दादा हसत म्हणतो तेच हटकून करतो.

मग मी नेहरंगच गाणार. दुसरं काही गायले तर चारचौघींसारखी गाईन. पण मिरजेचा माणूस अर्धी चीज ऐकून घेईल? पहिला प्रश्न — बाई, अंतरा?

१ सप्टेंबर

तुळजारामला दाराशीच गाठलं. तो मास्तरांच्या मागं तबल्याची पिशवी घेऊन येतो. म्हटलं, नेहरंगाचा अंतरा म्हणून दाखव.

"आईच्यान न्हाई दिला, अक्का. म्याबी इचारलो. काका उठून भाईर जातेत नुसतं."

तोंड बघा! काकानं चांगला पढवलाय.

३ सप्टेंबर, शुक्रवार

आज भांडले.

मास्तर म्हणाले, "अक्का, तिथं ही चीज गाऊ नको. भीमपलास गा. साजरा होतोय तुझा."

म्हटलं, दादाची अट ठाऊक आहे ना तुम्हाला?

"हाय ठावं."

मग?

"न्हाई दिता येत."

देता येत नाही, की द्यायचा नाही? यावर मान खाली! गुरूला बोलू नये ते सगळं बोलले. सरणावर बरोबर नेणार का, असंसुद्धा म्हणाले. त्यांनी तंबोऱ्याला गवसणी घातली. "कामून इतकी चिडायलीस, लेकी," एवढं पुटपुटले आणि गेले. लावलेलं पान तसंच तबकात.

माझं सगळं दोन ओळींवर अडलंय आणि हा माणूस गप्प! ओरडला असता तरी बरं वाटलं असतं.

५ सप्टेंबर

नाही देत ना? मी बांधते!

दिवसभर तेच डोक्यात. भाकरी करपली, वहिनी बोलली, बोलू दे. नेहरंगानं पुढं काय म्हटलं असतं? रडला नसता. रागावला असता, पण आवाज न चढवता — मला कधी जमत नाही तसा. संध्याकाळी सापडलं.

"मेघ गयो परदेस, न आयो, नेहरंग तकत डगरी."

ढग परमुलखात गेला तो आलाच नाही, आणि हा अजून वाट बघतोय. नाव नेऊन ठेवलं वरच्या षड्जावर. गाऊन पाहिलं आणि अंगावर काटा आला. स्वतःच्याच गाण्यानं काटा येतो का कुणाला? मला आला.

खोटं आहे, कळतंय मला. दुसऱ्याच्या नावावर चीज खपवणं पाप, हे मास्तरांनीच शिकवलं. मग पाप त्यांच्या माथी! खरा अंतरा दिला असता तर ही पाळी आली असती?

६ सप्टेंबर

मास्तर आले नाहीत. नका येऊ!

१० सप्टेंबर, शुक्रवार

जमलं! जमलं!

बुवा लोडाला टेकून बसले होते, अर्धे झोपेत. अस्ताईला डोळे उघडले. अंतऱ्यात नाव आलं तसे ताठ बसले आणि कानाला हात लावला — त्यांचं बघून साऱ्या बैठकीनं लावला. नंतर म्हणाले, "नेहरंग! व्वा! दोनतीन चिजा आमच्या घराण्यातही आहेत त्याच्या. पण ही अस्सल. पुढच्या आठवड्यात या मिरजेला." दादा तर असा फुलला, जसं काही तोच गायला.

पिराप्पा मास्तर मागं खांबाजवळ बसले होते. मी मुद्दाम त्यांच्याकडे बघून अंतरा घेतला. बघा म्हटलं, तुमच्यावाचून अडलं नाही! त्यांनी कानाला हात लावला नाही. साऱ्या बैठकीत ते एकटेच. नंतर जेवायला पाटावरही बसले नाहीत, तसेच गेले. जळाले असतील. जळू देत.

१२ सप्टेंबर

मास्तर आले. आत या म्हटलं तर आले नाहीत, ओट्यावरच बसले.

"नेहरंग म्हून कुणी न्हवताच, अक्का. तिन्ही अस्ताया म्याच बांधलो, उस्तादाकडं शिकायला असताना. मेंढरं राखणाऱ्याच्या पोराची चीज कोण ऐकतंय? जुन्या माणसाची म्हून सांगितलो, तर उस्तादानं कानाला हात लावला. अंतऱ्यात नाव घालाय लागतंय. माझं घालायची सोय न्हवती. खोटं घालायला मन घेईना. सारा जलम बसून बघितलो, न्हाई झालं."

म्हणजे बुवांनी आपल्या घराण्यातल्या म्हणून सांगितल्या त्याही थापाच! मग मास्तर म्हणाले, "तुझा अंतरा चांगला हाय. माझ्यानं झाला नसता. आता ऱ्हाऊ दे तसंच."

आणि उठून गेले.

परवा मिरजेची गाडी. बुवा पहिल्याच दिवशी विचारतील, ही चीज कुणाची? काय सांगू?