कानशिलातली शीर

३, सोमवार
आले एकदाची! लाँड्रीच्या मागची खोली मिळाली. एक पलंग, एक टेबल आणि पूर्वेला ही एवढी मोठी खिडकी. रफू करणारीला आणखी काय हवं? मालकांनी वय विचारलं, एकोणसत्तर ऐकून त्यांचा चेहरा पडला. मग त्यांच्याच कोटाच्या बाहीवरचं जळकं भोक तासाभरात बुजवून दिलं. ते कुठं होतं हे त्यांनाच सापडेना! उद्यापासून या म्हणाले. लेक मात्र फोनवर फुरंगटली. आमच्याकडे जागा नव्हती का, म्हणे. हात-डोळे चालतात तोवर राहू दे गं बाई, म्हटलं.

८, शनिवार
इस्त्रीवालीशी गट्टी जमली. तिची इस्त्री आणि तोंडाचा पट्टा दोन्ही एकाच वेळी चालतात. मला पहिल्या दिवसापासून आत्या म्हणते. उजवं कानशील मात्र ठणकतंय. केसांना कंगवा लागला तरी डोळ्यांत पाणी येतं. जेवताना दोन घासांत जबडा भरून येतो, दातानं दोरा तोडायचीही चोरी. जागा बदलली, झोप पुरत नसेल.

१२, बुधवार
भरदुपारी उजव्या डोळ्यावर वरून राखाडी पडदा उतरला. दुखलं-खुपलं काही नाही. पाच-सात मिनिटांत आपोआप गेलाही. इस्त्रीवाली हटूनच बसली, आत्या, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला. सोमवारी वकिलांचा कोट द्यायचाय, मग जाऊ म्हटलं. खरं कारण वेगळंच. मालकांच्या कानावर गेलं तर काम जाईल आणि लेक येऊन घेऊन जाईल.

१४, शुक्रवार
पडदा पुन्हा. आज दोनदा. नंतर एका सुईच्या दोन दिसायला लागल्या. खरी कुठली, ते बोटात शिरली तेव्हा कळलं. मालकांसमोर हसून साजरं केलं. लेकीचा फोन आला. छान चाललंय म्हणाले.

१६, रविवार
सकाळी उठले तर उजवीकडे काहीच नाही. काळोखसुद्धा नाही— नुसतं नाही.

संध्याकाळी, दवाखान्यात. डॉक्टरीणबाईंनी कानशिलावरची शीर बोटानं चाचपली. मग म्हणाल्या, इथली रक्तवाहिनी सुजली आहे, तशाच सुजेनं डोळ्याकडे जाणारं रक्त थांबलं. आधी कधी असं झालं होतं का? बुधवारी, म्हटलं. त्यांनी मान खाली घातली. गेलेला डोळा परत येणार नाही, म्हणाल्या. दुसरा वाचावा म्हणून सलाइनमधून स्टेरॉइड सुरू केलंय. बुधवारीच आले असते तर—

१७, सोमवार
डावा शाबूत आहे. इस्त्रीवाली आली, पण तोंडातून शब्द नाही. लेक निघाली आहे. मी दर पाच मिनिटांनी डोळा उघडून बघते. दार आहे. सलाइनची बाटली आहे. माझा हात आहे.

१८
डाव्यात. वरून— राखाडी. गेला. परत आला. सिस्टरना हाक मारली, सगळे धावले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शर्थ करतोय. लेक अजून गाडीत. तिचा चेहरा तेवढा— एकदाच—

बुधवार असेल
लेक आली. हात धरून बसली आहे. का लपवलंस असं विचारत नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. तुझ्या ओळी एकावर एक पडताहेत, म्हणते. कोरी जागा दाखव म्हटलं. तिनं माझं बोट कागदावर टेकवलं.
"इथं, आई."
बरं. इथं. आता इथून पुढं—