एकोणीस सेंटिमीटरचा हात

९ सप्टेंबर, मंगळवार
बासष्ट पोरांची ऑनलाइन माहिती तीस तारखेपर्यंत भरायची. शाळेत कॉम्प्युटरचा सगळा लोड माझ्यावर. आज हेडमास्तर दयाराम सरांना सांगून टाकलं, माऊस धरून धरून मनगट गेलं. त्यांनी फळ्यावर लिहिण्यातून सूट दिली. थोडं ओशाळल्यासारखं झालं, पण दुखतं म्हणजे दुखतं. एंट्री संध्याकाळी घरी होते. मी रजिस्टर काढून देतो, शैलजा भरते. डोकं माझं, बायकोचा नुसता हात.
निर्धार: शास्त्रशुद्ध माऊस घेणे.

११ सप्टेंबर, दुपार
मोबाईलवर माऊसचे बारा व्हिडिओ पाहिले. तीन जाती. एक उभा, शेकहँड केल्यासारखा धरायचा. एक गोळीवाला, अंगठ्याने गोळी फिरवायची, हात हलवायचाच नाही. एक पेनासारखा. उभा बेस्ट. लाकडी पट्टीने पंजा मोजला. एकोणीस सेंटिमीटर, म्हणजे लार्ज. व्हिडिओ पाहता पाहता अंगठाही दुखायला लागला. आता अर्जंटच आहे.
शैलजाने बाम मागितला. डबी माझ्या उशाशीच होती. म्हटलं, जपून लाव, संपत आलाय.

१२ सप्टेंबर
कोणीतरी रोज माऊस उचलून डाव्या बाजूला ठेवतं. भार्गवीला झापलं. पोरगी सहावीत गेली, खोड्या अजून पहिलीच्या. 'मी हात नाई लावला बाबा,' म्हणाली अन् रडत बसली. माऊस परत उजवीकडे ठेवला. शिस्त म्हणजे शिस्त.

१४ सप्टेंबर, रविवार
आज मलकापूरला जाऊन माऊस आणणार होतो. पण पितृपक्ष चालू. नवी वस्तू घ्यायची कशी? आता घटस्थापनेलाच. तोवर माझ्या हाताला पूर्ण आराम. एंट्री मात्र थांबू दिली नाही, संध्याकाळी सर्व्हर सारखा अडकतो तरी रोज दोन पोरं होताहेत. शैलजाच्या भाकरी हल्ली जाड येतात, कडेला फाटलेल्या. काही बोललो नाही. माणसाने मन मोठं ठेवावं.

२२ सप्टेंबर, घटस्थापना
हाताचं कारण सांगून हाफ डे घेतला. मलकापूर. दुकानदाराने विचारलं, वापरणार कोण, हात कोणता? मी पंजाच पुढे केला. उजवा, लार्ज, उभा. घरी आल्यावर शैलजाने त्यावर हात ठेवून पाहिला. म्हणाली, हा तर उजव्या हाताचा हाय. म्हटलं, मग कोणत्या हाताचा असणार? ती दिव्यात तेल घालायला गेली.

२४ सप्टेंबर, बुधवार
हाडाच्या डॉक्टरकडे गेलो. शैलजाला मुद्दाम सोबत नेलं, मला किती काम पडतं हे सांगायला कोणी तरी पाहिजे. डॉक्टरांनी माझं मनगट फिरवलं, दाबलं. काही नाही म्हणाले, मोबाईल कमी करा. मग शैलजाकडे पाहत राहिले. तिने फाईल कोपरात धरली होती. त्यांनी तिचा डावा अंगठा तिच्याच मुठीत दाबून मूठ खाली वाकवली. ती ओरडली. त्यांनी विचारलं, कॉम्प्युटरवर कोण बसतं? मी तोंड उघडणार, तेवढ्यात ती म्हणाली, "यायच्या शाळेचं काम असते. तीन-चार घंटे, रोज."
डावा हात. चौदा वर्षं झाली लग्नाला. ती डावखुरी आहे हे साऱ्या गावाला माहीत आहे, मलाही आहे. मग माऊस डावीकडे कोण ठेवत होतं?
तीन आठवडे मनगटाला पट्टा. कॉम्प्युटर बंद. आता उजव्याने सुरू करू नका, तोही जाईल, मग ऑपरेशनच, असं डॉक्टर माझ्याकडे पाहून म्हणाले. धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं. बसमध्ये तिला विचारलं, काऊन नाही सांगितलं?
"बाम मागतला होता ना," ती म्हणाली.

२५ सप्टेंबर
लाज वाटते. लिहूनच ठेवतो: उरलेली चौतीस पोरं मी, स्वतः, एकटा भरणार. भार्गवीला सॉरी म्हणायचं राहिलं.

२८ सप्टेंबर, रविवार
पासवर्ड शैलजाला विचारावा लागला. तीन दिवसांत तीन पोरं झाली. त्यातल्या एकाची उंची बावीस अन् वजन एकशे अठरा पडलं, ते तिनेच मागून दाखवलं. नेट स्लो आहे. नव्या माऊसची सवय व्हायला वेळ लागतो, असं व्हिडिओतही सांगितलं होतं.

२९ सप्टेंबर, उत्तररात्र
एकतीस बाकी, मुदत उद्या. हेडमास्तरांना फोन करून खरं सांगायचं ठरवलं. नंबर काढला. तेवढ्यात ती मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "सरका."
रात्री सर्व्हर मोकळा होता, पट्ट्याचा हात मांडीवर ठेवून उजव्याने भरत बसली. माझ्या मापाचा माऊस तिच्या मुठीत मावत नव्हता. मी नावं वाचली. दहाव्या नावाला थांबवावं वाटलं, विसाव्यालाही वाटलं. एकतीसही झाली. "माऊस चांगला हाय हो तुमचा," म्हणाली, अन् पाणी प्यायला उठली. पेला दोन्ही मनगटांनी धरला.

३० सप्टेंबर
दयाराम सरांनी साऱ्या स्टाफसमोर माझं नाव घेतलं. म्हणाले, हात गेलेला असून या माणसाने काम वेळेत केलं. टाळ्या पडल्या. आता सांगावं म्हणून मी उभाही राहिलो. त्यांनी विचारलं, "वैजनाथ सर, हात कसा हाय आता?"
"बरा हाय," म्हटलं, अन् खाली बसलो.