फायरप्लेसभोवतीचे एकशे बारा दगड

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. मला स्वतःला शंका नव्हती. माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही. ज्यांनी आजवर आणून पाहिला, त्यांना विचारावे. यापूर्वीचे मृत्युपत्र मी फाडले आहे, ते शोधत बसू नये.

१. बँकेतली सर्व बचत व ठेवी माझ्या मुलाला द्याव्यात, तसेच त्याच्या वडिलांचे घड्याळ आणि पुस्तकांची दोन्ही कपाटे. तो एकुलता एक आहे, कामाचा आहे, माझ्या औषधपाण्यात त्याने कधी कसूर केली नाही. हे सगळे मान्य करूनच पुढचे कलम लिहीत आहे.

२. राहते घर, त्यातील सामान व मागचे अंगण यांसह, माझ्या सुनेला द्यावे. तिचा व माझ्या मुलाचा चार वर्षांपूर्वी कोर्टात घटस्फोट झाला. तो दुसऱ्या शहरात गेला. ती इथेच राहिली, कारण मी तिला बॅग भरू दिली नाही. कायद्याने ती आता माझी कोणी लागत नाही. मी डोळे मिटले की या घरात एक दिवस राहण्याचाही हक्क तिला उरणार नाही. म्हणून हा खटाटोप.

मुलाला हे मी गेल्या महिन्यात फोनवर सांगितले.

"आई, ती आता आपल्या घरातली नाही."

"घर माझ्या नावावर आहे. घरातलं कोण, ते मी ठरवते."

"पण तिनं या घरासाठी केलंय काय?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर लेखी देते.

३. दिवाणखान्यातल्या फायरप्लेसभोवती पातळ दगड लावायची हौस माझ्या यजमानांची. काम अंगावर घेतले माझ्या दिरांनी, ज्यांना घरात सगळे 'कंत्राटदार' म्हणतात, कारण त्यांनी एकही काम पुरे केलेले नाही. मी म्हटले, भिंतीचा रंग आधी खरवडा. ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही शाळेत शिकवा, भिंत माझ्यावर सोडा." त्यांनी रंगावरच डब्यातला गोंद फासून दगड चिकटवले आणि त्याच संध्याकाळी विस्तव पेटवला. गोंद पातळ झाला आणि दगड एकेक करून खाली आले. एक यजमानांच्या अंगठ्यावर आला. कंत्राटदार म्हणाले, भिंतीतच दोष आहे.

तो गोंदाचा डबा मी जपून ठेवला आहे. तो, तळाशी वाळलेल्या गोंदासह, दिरांना द्यावा.

४. त्यानंतर ते काम मी हातात घेतले. सून नुकतीच घरात आली होती. आम्ही दोघी अजून एकमेकींशी जपून बोलत होतो. रंग खरवडला, भिंतीला तारेची जाळी ठोकली, त्यावर सिमेंटचा खरबरीत थर दिला आणि तो वाळू दिला. एकशे बारा दगड माझ्या झोपायच्या खोलीत जुन्या चादरीवर भिंतीच्या मापाने मांडले, कोपऱ्याचे आधी, उभ्या सांधी एका रेषेत येणार नाहीत असे. दोन दिवस आम्ही ते हलवत होतो. जुळल्यावर मी प्रत्येकाच्या पाठीवर खडूने आकडा घातला. तीस वर्षे फळ्यावर लिहिलेला हात. आकडे सुरेख आले होते.

कोरडा दगड सिमेंटमधले पाणी शोषतो, म्हणून लावण्याआधी तो भिजवायचा असतो. हे मला ठाऊक होते. सगळे दगड गोळा करून मी टबात पाणी सोडले.

दगड बाहेर काढले तेव्हा त्यांच्या पाठी कोऱ्या होत्या.

खडू पाण्यात टिकत नाही, हे रसायनशास्त्राच्या शिक्षिकेला कोणी सांगावे लागू नये. तेवढ्यात मुलगा आत आला. "काय झालं?" मी म्हटले, "हिने आकडे धुऊन टाकले."

सुनेने दगड पुसून चादरीवर ठेवायला सुरुवात केली. हा इथे, हा त्याच्या डावीकडे, हा नाकवाला वर. जेवणाच्या वेळेपर्यंत एकशे बाराच्या एकशे बारा जागेवर होते. पुढचे तीन दिवस मी पाठीला सिमेंट लावून देत होते आणि ती दगड दाबून धरत होती, तो बसेपर्यंत, न कंटाळता. त्यातला एकही आजवर हललेला नाही.

५. आकडे कोणी धुतले, हे मी नंतरही दुरुस्त केले नाही. एकोणीस वर्षे. कंत्राटदार प्रत्येक जेवणाला विचारायचे, "काय सूनबाई, आज काय धुतलं?" आणि मी हसत असे. पुढे मुलगा तिच्याशी भांडताना म्हणाला, "आल्या दिवसापासून या घरातलं सगळं पुसतच आलीस." ते मी शेजारच्या खोलीतून ऐकले. त्या दिवशी माझे हसणे बंद झाले, पण तोंड उघडले नाही.

मागच्या हिवाळ्यात मी तिला विचारले, "तू तेव्हाच का सांगितलं नाहीस?"

"आई, आकडे लागलेच कुठे? दगड पाठ झाले होते."

"मी खोटं बोलले होते, त्याचं विचारतेय."

"तेही पाठ होतं," ती म्हणाली, आणि तिने विस्तवात लाकूड सरकवले.

६. हे घर म्हणजे तिला दिलेली भरपाई नव्हे. तिला ते सांभाळता येते म्हणून देत आहे. मुलाने या मृत्युपत्राला हरकत घेऊ नये. घेतल्यास कलम चार व पाच कोर्टात मोठ्याने वाचावीत. मुला, तू माझा आहेस, म्हणूनच तुला खरे सांगते आहे. एकदा येऊन तिच्यासमोर तुझे ते वाक्य मागे घे. माझे मी घेतले.

७. थापी, लेव्हल व दगड कापायचे मशीन सुनेकडेच राहावे. कोणी उसने मागितल्यास देऊ नये, विशेषतः कंत्राटदारांना.

८. हे मृत्युपत्र फायरप्लेससमोर सर्वांना बसवून वाचावे. डाव्या बाजूला, खालून दुसऱ्या ओळीतला एक दगड तिरपा आहे. पाहुण्यांना तो दाखवून सुनेची चेष्टा होते. तो मी बसवला आहे. तिने सरळ करू का म्हणून विचारले होते. मी नको म्हटले. तो तसाच राहू द्यावा.

वरील मजकूर मी चष्मा लावून दोनदा वाचला. पटला, म्हणून सही करीत आहे. ज्याला घर मिळते त्याची साक्ष चालत नाही, म्हणून सुनेला बाजारात पाठवले आहे.

(सही)
मृत्युपत्र करणारी

साक्षीदार पहिले: आमचे डॉक्टर (सही)
साक्षीदार दुसरे: शेजारचे गवंडी (सही)

स्थळ: राहते घर, दिवाणखाना
दिनांक: ९ जानेवारी २०१९, सकाळी सव्वाअकरा

ता. क. सही करण्यापूर्वी गवंड्यांनी तिरप्या दगडावर बोट ठेवून विचारले, "बाकी काम पक्कं आहे, हा एवढा कुणी बसवला?" मी सांगितले. याचेही ते साक्षीदार आहेत.