कमी-जास्त

४ फेब्रुवारी
नदीतले पाचही खांब माझ्या हातचे. त्यांवरच्या पाणी मोजायच्या लोखंडी पट्ट्या, पट्ट्यांची भोकं, पांढऱ्यावर काळे आकडे — सगळं मीच केलेलं. एकवीस वर्षांच्या नोंदवह्या, शिलाईसकट. पूरभिंतीची उंची त्यातूनच निघाली : सात मीटर वीस. आणि आज साहेब नव्या बाईंना म्हणाले, "भिंतीचं आता तुम्ही बघा." खिडकीजवळचं टेबलही त्यांनाच.

१० फेब्रुवारी
बाई सरळ आकडा सांगतच नाहीत. "पाणी वरून जायची शक्यता शंभरात अमुक." मी त्यांना शेकडाबाई म्हणतो, शिपाई हसला. साहेब मात्र त्यांचं ऐकताना पेन खाली ठेवतात. माझ्यासाठी कधी ठेवलं नाही.

१२ फेब्रुवारी
बाईंनी विचारलं, "दादा, तुमच्या नोंदींत कमी-जास्त किती धरू?"
म्हटलं, "कमी-जास्त माणसाचं होतं, आकड्याचं नाही."
"भिंतीमागे माणसंच राहतात ना."
माझ्या नावावर त्यांनी तीस सेंटीमीटर धरले. भिंत साडेसात मीटर. माझ्या न झालेल्या चुकीचं काँक्रीट, साऱ्या शहराला दिसेल असं!

१३ फेब्रुवारी
ही म्हणते, "वन्सं राहतात त्या भिंतीमागे. उंच झाली तर तुमचं काय जातं?"
जातं.

१४ फेब्रुवारी
साहेब खर्चाला घाबरले. "दादा, नोंदी बिनचूक आहेत असं लिहून द्या, तीस काढून टाकू." बाईंचा चेहरा बघण्यासारखा होता. सोमवारी देतो म्हणालो.

१६ फेब्रुवारी, रविवार
लिहून द्यायचं तर तपासून द्यावं, म्हणून उंची मोजायची दुर्बीण लावून पाचही पट्ट्यांची उंची पडताळली. चार चोख. तीन नंबरची पट्टी एक भोक वर बसलीय. आठ वर्षांपूर्वी ओंडका आदळला तेव्हा मीच परत बसवली होती. भोकाभोकात बारा सेंटीमीटर. पट्टी वर, म्हणजे आकडा खाली. तेव्हापासूनचा प्रत्येक पूर मी बारानं कमी लिहिलाय. ताईचं घर याच खांबासमोर.

१७ फेब्रुवारी
रजा टाकली.

१८ फेब्रुवारी
सांगितलं. दोघांसमोर. बाईंनी खुर्ची पुढे सरकवली. "बाकीचे चार तपासूनच सांगताय ना?"
"तपासूनच."
"मग जुने पूर बारानं वाढवते. आणि तुमचे तीस आता दहावर आणते."
भिंत सात बेचाळीस. चूक कबूल केल्यावर माणसावरचा भरवसा वाढतो — हे कुठलं गणित? साहेबांनी पेन खाली ठेवलं. बघत होते बाईंकडेच.

२१ फेब्रुवारी
इथे तरी लिहितो. खिडकीजवळचं ते टेबल साहेबांनी गेल्या वर्षी आधी मला देऊ केलं होतं. अट एकच — प्रत्येक नोंदीपुढे कमी-जास्त लिहायचं. मी नाही म्हणालो. त्या टेबलाचा पगार महिना बासष्ट हजार.