गुरप्पाच्या विहिरीचं पाणी

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

कुंभारी, ता. १२ एप्रिल १९७६

चि. शिवशरण यास चनबसप्पाचे अनेक आशीर्वाद. आम्ही सर्व खुशाल, तुझी खुशाली कळवीत जावी.

तुझ्या शाळेतल्या पोरांसारखं म्हणतो, मास्तर, तुम्ही तुरुंगात असलात तरी आमचा अभ्यास चालू आहे. अक्कलकोट रोडवरचा डाईंगचा कारखाना कापड रंगवलेलं पाणी ओढ्यात सोडतो, ते शेवटी आपल्या विहिरीत उतरलं. पोहरा वर आला की पाणी जांभळं. तुला धरून नेल्यापासून तुझी पाणी समिती भरलेली नाही. चौघं एकत्र बसले तरी पोलीसपाटील विचारायला येतो. मग कारखान्याच्या शेठनं चावडीपाशी नळ बसवून दिला आणि आमची काही तक्रार नाही अशा कागदावर गावाच्या सह्या घेतल्या. मीही केली. घरात लहान पोरं आहेत, त्यांना काय पाजू? तुला राग येईल तो येऊ दे.

अव्वा मात्र ऐकेना, आपली आईच ती. शिवू घरी येईपर्यंत त्या नळाचं पाणी माझ्या लिंगावर न्हाय पडायचं, असं तिनं सगळ्यांसमोर सांगितलं. तुला ठाऊकच आहे, गळ्यातलं इष्टलिंग हातावर घेऊन पूजा झाल्याशिवाय ती जेवत नाही. ओढ्याच्या वरच्या अंगाला गुरप्पाची तेवढी विहीर चांगली राहिली आहे. रोज उन्हातून तिथं जाऊन तांब्या भरून आणते. वाटेत पोस्टमन दिसला की शिवू कधी सुटणार हे त्यालाच विचारते!

शांतम्मा वहिनीचा आशीर्वाद. आमच्यावरची माया कमी करू नये.

तुझा अण्णा,
चनबसप्पा

येरवडा, ता. २४ एप्रिल १९७६

ती. अण्णांस शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तपासणीत काही ओळींवर शाई फासलेली होती, पण सहीचं वाचता आलं. राग आला, खोटं कशाला बोलू. मग पोरांची तोंडं डोळ्यांपुढं आली आणि माझाच मला राग आला.

अव्वाचं वाचलं आणि बराकीत सगळ्यांना सांगत सुटलो. इथं वकील आहेत, प्राध्यापक आहेत, सगळ्यांनी तिला नमस्कार सांगितला आहे. तिला म्हणावं, समितीची अध्यक्ष आता तूच, हटायचं नाही. फक्त ऊन चढायच्या आत जात जा. वहिनींस सा. न. लोभ आहेच, तो असाच राहावा.

आपला,
शिवशरण

कुंभारी, ता. ९ मे १९७६

चि. शिवशरण यास अनेक आशीर्वाद.

तुझं अध्यक्षपदाचं मी अव्वाला वाचून दाखवलं आणि हात कापून घेतले. अटकेतल्या माणसाच्या घरी पाणी का देतोस, असं एक शिपाई गुरप्पाला विचारून गेला. गुरप्पा वाईट माणूस नाही. माझ्या पाया पडला, म्हणाला मला बी पोरंबाळं हायती की, आता नगा येऊ. विहिरीच्या पायऱ्यांवर त्यानं काटे टाकले आहेत. पलीकडच्या शिवारातल्या विहिरी आटल्या. सोलापुरातून सायकलवर पाणी आणतो म्हणालो, तर अव्वा म्हणते पायपातलं पानी कुटनं येतंय ते मला काय ठावं.

तेव्हापासून पूजा नाही, म्हणून जेवण नाही. शांतम्मा बळेबळे दोन घोट दूध पाजते. काल अव्वा चुलीपाशी चक्कर येऊन पडली. मठाचे स्वामी सांगून थकले. मी तिच्या पायांवर डोकं ठेवून रडलो. म्हणते, शिवूनं हटू नको म्हणून सांगितलंय. तुझ्या पॅरोलसाठी कचेरीत गेलो, तर आईला आजार कोणता ते लिहून आणा म्हणाले. काय लिहू? तूच काही मार्ग सांग. माझी अक्कल संपली. उत्तराची वाट बघतो.

चनबसप्पा

येरवडा, ता. १३ मे १९७६

ती. अण्णांस शि. सा. न. वि. वि.

इथून मी काहीच करू शकत नाही. नळाचं घे असं तिला लिहायला बसलो, पण हात उठेना. मी हरलो असं तिला वाटेल, आणि ते मला सोसणार नाही.

तू असं कर. नळावर तांब्या भर आणि गुरप्पानं गुपचूप दिलं म्हणून सांग. वर्गात मी पोरांना काय शिकवायचो, ते आता राहू दे. ती जेवली पाहिजे. हे पत्र तिला वाचून दाखवू नकोस. मला पदरात घ्यावं.

शिवशरण

कुंभारी, ता. २३ मे १९७६

चि. शिवशरण यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं त्याच सकाळी नळावर तांब्या भरला आणि गुरप्पाचं नाव सांगून अव्वापुढं ठेवला. तिनं पाण्याकडं बघितलंच नाही, माझ्या तोंडाकडं बघितलं. शिवूचं पत्र आलंय का, एवढंच विचारलं. मी हो म्हणालो. वाचून दाखव म्हणाली नाही. लिंग हातावर घेतलं, पाणी घातलं, विभूती लावली आणि शांतम्माला भाकरी वाढायला सांगितली. आम्ही नवराबायको खुळ्यासारखे खूश झालो.

काल ती स्वतःच घागर घेऊन चावडीपाशी नळाच्या रांगेत उभी राहिली. शेजारच्या बजाबाईनं विचारलं, तुमचा तर नेम व्हता न्हवं. अव्वा म्हणाली, ज्याच्यासाटी धरला व्हता त्यानंच सोडलाय, आता म्या कशाला धरू. बायका तिला पुढं जा म्हणत होत्या. ती गेली नाही, नंबर आल्यावर घागर भरून आली.

आता दोन्ही वेळा जेवते, चक्कर येत नाही. तू काळजी करू नकोस. पोस्टमन रोज दारावरून जातो. त्याला ती काही विचारत नाही.

सर्वांचा आशीर्वाद. पत्र पाठवीत जावं, माया आहेच.

तुझा अण्णा,
चनबसप्पा