जाऊबाईंच्या हातचं पाणी

औसा, ६ जानेवारी २०२५

चि. संगमेश यास अनेक आशीर्वाद वि. वि.

माझा फोन थोरल्या जाऊबाईंनी, कमलम्मांनी, काढून घेतलाय. त्यातून मला आवाज येतात म्हणे. म्हणून हे पत्र लेकीच्या, शिवांगीच्या हाती टपालात टाकते.

डोक्याच्या गोळ्या मीच बंद केल्या, हे आधी ऐक. दिवसभर झापड, हात थरथरायचे. जाऊबाई म्हणाल्या, शिवांगीचं जमतंय, पोराकडच्यांनी तुझे हात पाहिले तर स्थळ मोडेल, लग्नापर्यंत गोळ्या राहू देत. मला पटलं. महिन्याभरात मिक्सर माझ्याशी बोलायला लागला. मग त्यांनीच गावभर केलं, महादेवीचं डोकं फिरलंय. साखरपुड्याला मला नायगावला आईकडे धाडून विहीणभेट त्या स्वतः घेणार आहेत. माझ्या लेकीची विहीणभेट! तुझे दाजी वहिनीपुढे गप्प. या बाईला मी सोडणार नाही. कसं, ते तू सांग.

लोभ आहेच, थोडा रागही माझ्या बाजूने ठेव.

तुझी ताई,
महादेवी

नांदेड, १० जानेवारी

ती. ताईस संगमेशचा शि. सा. नमस्कार वि. वि.

माझं टाळकंच सरकलं. दोन गाड्या माणसं घेऊन येणार होतो, तर तुझ्या भावजयीनं, अंजूनं, मलाच झापलं. म्हणाली, तमाशा केला की सगळं खानदानच येडं हाय म्हणतील. खरंय. तू बरी राहिलीस तरच तुझ्या जाऊबाईंचं नाक कापलं जाईल. सोमवारी तुला लातूरला डॉक्टरांकडे नेतो. थरथरीचं त्यांना कधी सांगितलंस का? गोळी बदलता येते. तोवर मनानं काही सुरू करू नकोस.

माझी पाटी फोडणाऱ्या पंढरीच्या दप्तरात तू खाजकुयली भरली होतीस. ती ताई मला परत पाहिजे.

तुझाच,
संगमेश

औसा, २४ मार्च

चि. संगमेश यास अनेक आशीर्वाद वि. वि.

मिक्सर गप्प झालाय. झोप अजून येते, पण हात शांत आहेत.

नायगावला मी गेलेच नाही, पण साखरपुड्याला तू पंगत वाढत होतास, म्हणून पुढचं तुला दिसलं नाही. जाऊबाई माझीच इरकल नेसून विहीणभेटीला पुढे झाल्या. मी मध्ये शिरले. गोळीची वेळ झालीच होती. सगळ्यांदेखत ती तळहातावर घेतली आणि जाऊबाईंनाच पाणी मागितलं. विहीणबाईंनी विचारलं, कशाची? डोक्याची, मी म्हणाले. जाऊबाईंचं तोंड बघायला तू हवा होतास. विहीणबाई म्हणाल्या, आम्हाला कवाच माहीत हाय. शिवांगीनं पहिल्या भेटीतच पोराला सांगितलं होतं. म्हणजे मी उगाचच आजारी पडले! मग त्यांनी मलाच मिठी मारली.

आता रोज वेळ झाली की मी ओसरीवर बसून जाऊबाईंना पाण्यासाठी हाक मारते. पाहुणे असले तर जरा मोठ्यानं. डॉक्टर विचारतात, गोळी चुकवत नाही ना? नाही म्हणते. का, ते तुलाच सांगते: जाऊबाईंच्या हातचं पाणी लई गोड लागतं.

अंजूला आशीर्वाद, तुझ्यावर माया आहेच.

तुझी,
खाजकुयलीवाली ताई